बिनटाक्याची जखम

भोर-वेल्ह्याकडे जखम किती मोठी, हे तिच्या लांबीरुंदीवर ठरत नसे. टाक्यांवर ठरे. माणूस आंब्यावरून पडलेला असो, बैलाने ढुशी मारलेली असो, नाहीतर बांधावर भावकीची चर्चा झालेली असो, भेटायला येणारा पहिला प्रश्न एकच विचारी, "टाके किती?" दोन म्हटलं की तो उंबऱ्यावरूनच परत जाई. पाच म्हटलं की घोंगडीवर टेके. त्याच्यावर गेलं की घरात चहाचं आधण चढे. मलमपट्टीवर बरी झालेली जखम ही जखमच नव्हे. तिला ‘खरचटलं’ म्हणत.

ह्या मोजणीला जोडून आणखी एक रीत होती. टाका पडला, की ज्याच्यापायी तो पडला त्याने नारळ घेऊन जखमी माणसाच्या दारी जायचं. चूक कुणाची, हे बघायचं नाही. टाका बघायचा. न्यायाची इतकी सुटसुटीत पद्धत पुण्याच्या कोर्टातही नव्हती.

भोरच्या मधू डॉक्टरांना मात्र ह्या टाक्यांचा कंटाळा आला होता. त्यांचं नाव मधुसूदन, पण अर्ध्या भोराने त्यांना नागडं हिंडताना पाहिलेलं असल्यामुळे डॉक्टर झाल्यावरही ते मधूच राहिले. चौऱ्याहत्तर साली त्यांचा मेहुणा जर्मनीहून सुट्टीवर आला आणि बहिणीला सेंट, भाच्यांना चॉकलेट आणि डॉक्टरांना बोटाच्या पेराएवढी एक नळी देऊन गेला. नळीत निळसर औषध होतं. जखमेच्या कडा जुळवायच्या, वरून थेंब सोडायचा, की जखम बंद. सुई नाही, दोरा नाही, वण नाही. औषध गार जागी ठेवायचं होतं. डॉक्टरांच्या घरी फ्रिज नव्हता, पण माठ होता. माठाला ओलं फडकं गुंडाळून त्यात त्यांनी ती नळी खोचली आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसले.

दिवाळी गेली, संक्रांत गेली, एक माणूस तयार होईना. कचेरीतला कारकून म्हणाला, "वण नाही राहिला तर साहेबांना रजेचं काय दाखवू?" एक पैलवान ऐकून घेऊन निमूटपणे सरकारी दवाखान्यात गेला. सगळ्यांत मोठा विरोध घरातच होता, म्हणजे दवाखान्यात. चिमाजी कंपाउंडरचं मुख्य काम टाके घालताना पेशंटचं डोकं धरून ठेवण्याचं. हे काम त्याने इतकी वर्षं केलेलं, की बाजारात ओळखीचा माणूस चेहऱ्यावरून नाही, डोक्याच्या पकडीवरून त्याच्या लक्षात राही. डिंकाने जखमा मिटायला लागल्या तर आपण काय धरायचं, असा त्याचा सवाल होता. औषधाला तो ‘खळ’ म्हणे.

अशा वेळी किकवीला सोनबाच्या घरी नातवाचं जावळ निघालं.

हा नातू म्हणजे वेल्ह्याकडच्या रखमाजीच्या लेकीचा, सुलूचा मुलगा. म्हणजे सोनबा आणि रखमाजी व्याही. सोनबा मुलाचा बाप, ठेंगणा, गोल, आवाजाने मोठा. रखमाजी मुलीचा बाप, आणि उंच इतका की एस्टीत उभं राहायचं झालं तर मान वाकडी करूनच राहावं लागे. पण मान वाकडी करणं निराळं आणि वाकणं निराळं. मुलीच्या बापाने वाकायचं असतं, म्हणून तो लग्नापासून वाकत आला होता. मांडवात वाकला, मानपानात वाकला, दिवाळसणाला वाकला. आणि ह्या सगळ्यावर कळस म्हणजे सोनबाच्या घराची चौकट. ती अशी बुटकी होती, की आत जायचं तर धडधाकट माणसाला कमरेतून वाकावं लागे. सोनबाला लागत नसे. तो चौकटीखालून फेट्यासकट ताठ जाई आणि आत जाऊन मागे वळून म्हणे, "वाकून या, व्याही. आमच्या बापानं मुद्दाम बसवलीय. आत देव हायती. येनारानं नमूनच आलं पायजे."

हे वाक्य रखमाजीने दर खेपेला ऐकलं होतं. जावळाच्या दिवशी सकाळी वेल्ह्याहून निघताना त्याने फेटा बांधला, आरशात बघितलं आणि बायकोला, धोंडाबाईला सांगितलं, "आज म्या वाकनार न्हाई."

धोंडाबाईला वाटलं तो मानपानातल्या वाकण्याबद्दल बोलतोय. तिला ताप होता, ती घरीच राहिली. नाहीतर तिने फेटाच काढून घेतला असता.

किकवीला अंगणात मांडव होता. मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढायचं, म्हणून रखमाजीचा मुलगा दादू पाटावर बसला होता आणि त्याच्या मांडीवर भाचा होता. ज्ञानू न्हाव्याने डोक्याची डावी बाजू स्वच्छ करत आणली होती. मूल रडत नव्हतं. ते ज्ञानूचं नाक धरायला बघत होतं. रखमाजीने आणलेली कुंची आणि टोपरं आधी देवापुढे ठेवायचं होतं. रखमाजी ते दोन्ही हातांत घेऊन दाराकडे निघाला. सगळे पाहुणे बघत होते, कारण सोनबाचं ते वाक्य सगळ्यांना पाठ होतं आणि आज तो ते कुठल्या चालीत म्हणतो एवढंच बघायचं होतं.

रखमाजी वाकला नाही.

आवाज असा आला की ज्ञानूचा वस्तरा थांबला आणि गोठ्यात बसलेली म्हैस उठून उभी राहिली. फेटा मागे पडला. रखमाजी क्षणभर चौकटीकडे असं बघत राहिला, जणू तीच पुढे आली होती. मग कपाळावरून रक्ताची धार भुवईवर उतरली. त्याने ती कुंचीला लागू दिली नाही, कुंची लेकीच्या हातात दिली आणि मोठ्याने बोलला, "ही चौकट वर गेल्याबिगर ह्या घरात पाऊल टाकनार न्हाई. नातवाच्या गळ्याची आन हाय."

"माज्या बापाची चौकट हाय," सोनबा म्हणाला. "ती हालनार न्हाई. तुमाला ठावं हुतं की ती कुठं हाय."

"मला ठावं हुतं. तिला ठावं न्हवतं म्या कोन हाय."

सोनबाची आई अक्काबाई ओसरीच्या कडेला बसून पान कुटत होती. तिने खलबत्ता थांबवला. "चौकट हालायची तवा हालंल. आधी ते रगत हालतंय, ते बघा. सोनबा, तुज्या दारात लागलंय, तूच घेऊन जा भोराला. उनं कलायच्या आत दोघं माघारी या. पोराचं अर्धं जावळ तसंच ठेवून मी दिवा लावनार न्हाई."

रस्त्यावर भोरकडे जाणारा कांद्याचा टेम्पो मिळाला. दोघे व्याही कांद्यांवर बसले, रखमाजीचा सुटलेला फेटा त्याच्या मांडीवर. सोनबाने आपलं उपरणं रखमाजीच्या कपाळावर दाबून धरलं होतं, कारण पाहुण्याचं रक्त आपल्या दारात सांडलेलं, एवढं तर करायलाच हवं. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण ते कांद्याचं.

"टाके पडत्याल," रखमाजी समाधानाने म्हणाला.

सोनबाचं तिकडे लक्ष नव्हतं. तो हिशेब करत होता. टाका पडला तर नारळ. नारळ घेऊन वेल्ह्याला. म्हणजे मुलाचा बाप मुलीच्या बापाच्या दारी, आणि तेही नातवाचं जावळ झालेल्या महिन्यात. किकवीला पिंपळाखाली बसणारी मंडळी त्याला डोळ्यांसमोर दिसायला लागली. काहींच्या तर हातात त्याला टाळ्याही दिसल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी उपरणं उचलून बघितलं. जखम आडवी होती, स्वच्छ, सरळ, कडा एकमेकींना भेटायला टपलेल्या. अशी जखम ते दिवाळीपासून शोधत होते. त्यांनी ती आयोडिनने पुसली आणि आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "टाके घालायचे, की नवीन औषध लावायचं? जर्मनीचं आहे. सुई नाही, दुखणं नाही, वण नाही."

"टाके," रखमाजी म्हणाला.

"औशध," सोनबा म्हणाला.

"कपाळ कुनाचं हाय?"

"चौकट कुनाची हाय? माज्या दारात लागलं तर विलाज बी मी बघनार. पावन्याला सुया टोचाय मी आनलं न्हाई. डॉक्टर, जर्मनी म्हंजी चांगला मुलूख हाय न्हवं?"

"उत्तम," डॉक्टर म्हणाले.

"मग लावा की. व्याह्यासाठी हलकं कशापायी वापरायचं?"

चिमाजीने तोवर स्टोव्ह पेटवून सुया उकळायला ठेवल्या होत्या आणि रखमाजीच्या मागे उभा राहून तो डोक्याचा अंदाज घेत होता. "रखमाजीबुवा," तो म्हणाला, "टाक्याला शंभर वर्सांची पत हाय. ही खळ हाय. पतंगाला लावत्यात."

रखमाजी विजयी मुद्रेने खुर्चीत मागे रेलला. डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी हातमोजे घालता घालता नेहमीच्या सूचना द्यायला सुरुवात केली. आठवडाभर डोक्याला पाणी लावायचं नाही. उन्हात जायचं नाही. आणि डोक्याला काही बांधायचं नाही, जखम दबता कामा नये.

"बांधायचं न्हाई म्हंजी?"

"फेटा नाही बांधायचा."

रखमाजी सरळ बसला. "आज? जेवनाच्या पंगतीत?"

"आठवडाभर म्हटलं ना."

रखमाजीला पंगत दिसत होती. व्याह्याच्या अंगणात सगळे फेटेवाले, आणि त्यांच्यात मुलीचा बाप बोडका. एका बाजूला टाके, दुसऱ्या बाजूला फेटा. माणसाला एकच कपाळ असतं, ह्याचं दुःख त्याला आयुष्यात पहिल्यांदा झालं.

"आनि त्या निळ्यानं?" त्याने विचारलं.

"लगेच फेटा बांधा. सैल बांधा."

त्याने मांडीवरचा फेटा चाचपला. मग रखमाजी म्हणाला, "लावा. पन एक सांगा. टाके घातले असते तर किती पडले असते?"

डॉक्टरांनी वाकून बघितलं. "चार. फार तर पाच."

"नऊ म्हना."

"नऊ?" सोनबा उठून उभा राहिला. "नऊ टाक्यांत माजी म्हैस शिवून निघंल. तीन."

"तीन लेकराला घालत्यात. आठ."

"चार. डॉक्टरांच्या तोंडातनंच आलंय."

"डॉक्टर भोरचे हायती. किकवी त्यांच्या जवळ हाय, वेल्हं लांब हाय. सात."

लग्न ठरवताना हे दोघे असेच बसले होते, फक्त तेव्हा मध्ये डॉक्टर नव्हता. शेवटी डॉक्टरांनीच सहा टाक्यांवर तोड काढली. न घातलेल्या सहा टाक्यांची जखम. सोनबाने हात जोडून मान्य केलं, कारण न घातलेल्या टाक्यांना नारळ लागत नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. रखमाजीच्या लक्षात आलं नव्हतं. तो फेट्याकडे बघत होता.

आता फक्त कडा जुळवून धरायच्या होत्या. डॉक्टरांनी चिमाजीकडे बघितलं.

"जर्मन औशदाला डोकं धराय मानूस लागत न्हाई, असं तुमीच म्हनाला हुता," चिमाजी म्हणाला, स्टोव्ह विझवला आणि बाहेर बाकावर जाऊन बसला. जाताना त्याने दार लोटलं तेही फार सभ्यपणे.

"मी धरतो," सोनबा म्हणाला. आपल्या बाजूने निकाल लागलेल्या माणसाला काम करायला हौस असते. त्याने उजव्या हाताच्या दोन बोटांनी जखमेच्या कडा चिमटीत धरल्या. डॉक्टरांनी माठातून नळी आणली, टोक कापलं आणि दाबलं.

जर्मनीत थेंब येत असेल. भोरात, इतके महिने माठाच्या ओलीत काढल्यावर, आधी काहीच आलं नाही आणि मग एकदम सगळं आलं.

"सोडा," डॉक्टर म्हणाले.

सोनबाने सोडायचा प्रयत्न केला. रखमाजीचं डोकं त्याच्या हाताबरोबर पुढे आलं.

"सोडा म्हनत्यात," रखमाजी म्हणाला.

"मी सोडलंय. तुमीच धरलंय."

डॉक्टर जवळ आले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी निरखून बघितलं. जखम कडेला कड लावून सुंदर मिटली होती आणि तिच्यावर सोनबाची दोन बोटं जन्मखुणेसारखी बसली होती. "बघितलंत?" डॉक्टर हळूच म्हणाले. "काय चिकटलंय."

डॉक्टरांना ह्या क्षणी आनंद होत होता, हे दोन्ही व्याह्यांना आवडलं नाही. पण त्यांना एकमेकांकडे बघून नापसंती दाखवणंही कठीण होतं, कारण एकाने मान वळवली की दुसऱ्याचा हात वळे.

ओढायचं नाही, ओढलं तर कातडी येईल, असं डॉक्टरांनी बजावलं. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवलं की सुटतं, पण ताज्या जखमेवर पाणी सोडता येत नाही. बोटांच्या कडेने गोडं तेल लावत राहा, घाम येईल, संध्याकाळपर्यंत आपोआप मोकळं होईल. तोवर इथेच बाकावर पडून राहा.

"संध्याकाळपत्तूर?" सोनबा म्हणाला. "पोराचं अर्धं जावळ ऱ्हायलंय. आई मला घरात घेनार न्हाई."

"आनि फेटा?" रखमाजी म्हणाला.

फेटा चिमाजीने बांधला. ह्या कामाला मात्र तो आपण होऊन आत आला. रखमाजीचं कपाळ आणि सोनबाचा पंजा एकत्र धरून त्याने फेट्याचे वेढे असे घातले, की सोनबाचा हात मनगटापासून पुढे फेट्यात नाहीसा झाला. डोकं चांगलं घट्ट धरून त्याने शेवटचा पदर खोचला. त्या दिवसाचं त्याचं कामही झालं.

एस्टीत ते खिडकीशी बसले. कंडक्टर मानसिंग मूळचा सासवडकडचा. त्याने तिकिटाचा चिमटा वाजवत दोघांकडे बघितलं.

"काय, आशीर्वाद चाललाय का?"

"व्याही हायेत," सोनबा म्हणाला.

"ते दिसतंयच. पन कुठवर?"

"किकवी. कापूरहोळला बदलायचं."

"न्हाई, आशीर्वाद कुठवर?"

पुढच्या बाकावरची म्हातारी वळून सबंध रस्ताभर हात जोडून बसली. तिला वाटलं अंगात आलंय, फक्त दोघांपैकी कुणाच्या, ते तिला ठरवता येईना.

कापूरहोळला किकवीकडची गाडी यायला वेळ होता. टपरीवर चहा घेतला. चहा बशीत ओतायला दोन हात लागतात आणि सोनबाचा एक कामात होता. रखमाजीने न सांगता त्याचा चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी त्याच्या तोंडाशी धरली. मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला इतक्या जवळून चहा पाजलेला कापूरहोळने पूर्वी बघितला नसावा. पंक्चरच्या दुकानातली माणसं टायर सोडून बघायला आली.

"येक इचारू?" सोनबा दोन घोट घेऊन म्हणाला. "वाकला असता तर काय झालं असतं?"

रखमाजीने उत्तराआधी बशी खाली ठेवली. "काय न्हाई. लेकीच्या लग्नापास्नं वाकतूयच की. तुमच्या म्होरं वाकलो, तुमच्या भावाम्होरं वाकलो, तुमच्या वरातीच्या घोड्याम्होरं बी वाकलो, त्यानं लाथ मारली तवा. आज म्हनलं, नातू बगतूय. त्यानं आजा येकदा तरी ताठ बगावा."

"नातू ज्ञानूचं नाक बगत हुता."

"ते मला मागनं कळलं."

सोनबाने बशीतल्या चहाकडे बघितलं. मग म्हणाला, "बापाची चौकट हाय हो. हातच लावू वाटत न्हाई."

"लावू नगा. म्या पन पाऊल लावनार न्हाई. लेकीला म्हनावं, माळावर येऊन भेट." त्याला हे ठणकावून म्हणायचं होतं, पण आवाज मध्येच बारीक झाला. सोनबाच्या बोटांना रखमाजीच्या कपाळाची शीर उडताना कळली. इतक्या जवळून माणसाला खोटं बोलता येत नाही आणि दुसऱ्याला ऐकलं नाही असंही दाखवता येत नाही.

किकवीला अंगणात सगळे तसेच बसले होते. दादूच्या मांडीला मुंग्या आलेल्या, आणि मूल एका बाजूने संन्यासी, दुसऱ्या बाजूने शिंगरू. दोघे अंगणात येताच पाहुण्यांनी एका सुरात विचारलं, "टाके किती?"

"सा," रखमाजी म्हणाला.

"न घातलेले," सोनबा म्हणाला.

पाहुण्यांना हे समजलं नाही. "म्हंजी खरचटलंय," त्यांनी आपसात ठरवलं. रखमाजीने ते ऐकलं आणि आपण दवाखान्यात काय गमावून आलो, ते त्याला तेव्हा कळलं.

ज्ञानूने उरलेलं जावळ काढलं. आता मुलाला न्हाऊ घालून, आजोळची कुंची घालून, दोन्ही आजांनी देवापुढे न्यायचं होतं. अक्काबाईने आतून हाक मारली. कुणी हललं नाही. रखमाजी अंगणात खांबासारखा उभा राहिला. आणि तो उभा राहिला म्हणून सोनबाही, हात वर करून, उभा राहिला.

सुलू दारात आली. तिच्या कडेवर कुंची घातलेलं मूल होतं. आवाज न चढवता ती म्हणाली, "आबा, तुमी आत येताय का मी भाईर येऊ? मी भाईर आले तर मंग दादूसंगच वेल्ह्याला येते. येक म्हैना ऱ्हाईन. आईला ताप बी हाय."

सोनबाला एकदम घाम फुटला. सून महिनाभर गेली तर अक्काबाईचे पाय कोण चेपणार, ह्यापासून विचार सुरू झाला आणि पुढे पार चुलीपर्यंत गेला. रखमाजीचंही काही बरं नव्हतं. लेक माहेरी येणार खरी, पण सासर सोडून आल्यासारखी, हे त्याला नको होतं. नातवाच्या गळ्याची आण घातलेली, आणि तो गळा समोरच होता, कुंचीत बसून त्याच्याकडे हात पसरत होता.

"येतो," रखमाजी म्हणाला. "पन वाकनार न्हाई. आन अर्धी पाळतो."

आणि तो निघाला. सोनबाला बरोबर जावंच लागलं. रखमाजी लांब टांगा टाकत, सोनबा शेजारी टाचा उचलून, हात वर करून. दारापाशी सोनबा म्हणाला, "व्याही, जरा." पण ताठ माणसाला खालचं लवकर ऐकू येत नाही.

ह्या खेपेचा आवाज वेगळा होता. पहिल्या वेळी हाडावर लाकूड वाजलं होतं. आता मध्ये सोनबाचा पंजा होता. रखमाजीला फेट्यावर उशी ठेवल्यासारखं वाटलं. सोनबा मात्र अशा सुरात ओरडला, की रस्त्यावर एक ट्रक हळू झाला. त्याने हात हिसकला, फेटा सुटला, बोटं सुटली. रखमाजीचं कपाळ तसंच शाबूत, जखम मिटलेली. सोनबाच्या दोन बोटांची मागची बाजू मात्र पेरावर फाटली होती.

सगळे गोळा झाले. सोनबा हात पोटाशी धरून आपल्या बापाच्या चौकटीकडे बघत होता. जन्मापासून तो तिच्याखालून जात होता आणि तिने त्याला हात लावला नव्हता.

"आई गं," तो म्हणाला. "लागतं की."

"लागतं," अक्काबाई आतून म्हणाली. "मी नवरी म्हनून आले त्या दिवशी कपाळाला केवढं टेंगूळ आलं. मुंडावळ्या वर सरकवून घेतल्या. मला कुनी टाके इचारलं न्हाईत."

"पन ती द्येवासाठी, नमून यावं म्हनून, बानं मुद्दाम—"

"कशाचा द्येव. तुज्या बापानं चिंच तोडली. दोन खांबांचं लाकूड हातभर कमी पडलं. मी म्हनलं, दुसरं आना. तर म्हनं, चालतंय. मग पंचक्रोशी कपाळ धरून इचारू लागली, तवा त्यानं द्येव काढला."

सोनबाने चौकटीवरची नजर काढली. त्याने रखमाजीकडे बघितलं. रखमाजीने सवयीच्या माणसासारखी त्याची बोटं हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि म्हणाला, "व्याही, हे टाक्याचं काम हाय."

देवापुढे मूल ठेवलं गेलं, पंगत झाली, आणि ज्या टेम्पोने सकाळी कांदे नेले होते त्याच्याच दुसऱ्या फेरीत दोघे पुन्हा भोरला गेले. डॉक्टरांनी हात बघितला आणि म्हणाले, "टाके, की—"

"टाके," सोनबा म्हणाला. डॉक्टरांना प्रश्न पुरा करायचा मानही मिळाला नाही. तसं त्यांना देण्यासारखंही काही उरलं नव्हतं. माठातली नळी त्यांनी घाईत उघडी टाकली होती, आता तिचं झाकण तिलाच चिकटलं होतं आणि ती फडक्याला. चिमाजीने सोनबाचा हात दोन्ही हातांनी धरला आणि मोठ्याने टाके मोजले, बाहेर बसलेल्या माणसांना ऐकू जातील असे.

पुढे व्हायचं ते रीतीप्रमाणे झालं. रखमाजीची जखम डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे बिनवणाची भरली. इतकी बिनवणाची, की होळीपर्यंत त्याला कपाळावर बोट ठेवून जागा दाखवावी लागे आणि दोन वेळा तर जागा निराळी दाखवली गेली. सोनबाच्या बोटांवर मात्र टाक्यांच्या खुणा लांबून मोजता येत. वेल्ह्यापासून किकवीपर्यंत सर्वांनी नियमाने निकाल दिला, की रखमाजीने व्याह्याला त्याच्याच दारात जखमी केलं आणि स्वतःला खरचटलं तेवढंच. म्हणजे नारळ रखमाजीने न्यायचा. धोंडाबाईने तो निवडला, हलवून पाणी ऐकलं आणि त्याच्या पिशवीत घातला. म्हणाली, "जा. वाकून या."

रखमाजी किकवीला पोचला तेव्हा दुपार होती. चौकट वर गेली होती. सोनबाने सुताराला सांगितलं होतं, की खांबांना वाळवी लागलीय, बदलायलाच हवेत. सुताराने खांब तपासले, वाळवी दिसली नाही, पण सोनबाची बोटं दिसली, आणि त्याने मान हलवून काम केलं. नवी चौकट अशी उंच झाली होती, की खालून जाताना सोनबा पूर्वीपेक्षा आणखी लहान दिसे. अक्काबाई मात्र अजून वाकूनच ये-जा करत होती. सुलूने सांगून बघितलं. म्हातारी म्हणाली, "आता कंबरच तशी बसलीय. ऱ्हाऊ दे."

"या, व्याही," आतून सोनबाचा आवाज आला. टाके पडलेला हात त्याने उंच धरला होता. पुढचं वाक्य त्याने म्हटलं नाही.

रखमाजीने नारळाची पिशवी सावरली, फेटा चाचपला, मान सरळ केली आणि आत गेला. कुठेही काही लागलं नाही. आत पोचल्यावर त्याने मागे वळून अंगणाकडे बघितलं. अंगणात कुणी नव्हतं. म्हशीनेही तोंड दुसरीकडे केलं होतं.

म्हणून तो बाहेर आला, मोठ्याने खाकरला, शेजारच्या ओट्यावरची दोन-तीन माणसं वळून बघेपर्यंत थांबला, आणि पुन्हा एकदा आत गेला.